तेहतीस मिलिमीटरचं ओझं



या आठवड्यात वाचायला बसण्यापूर्वी तीन वस्तू गोळा करा. पपईच्या पानाचा एक लांब देठ, एक खोडरबर आणि सरबत पिण्याची कागदाची सरळ नळी. पपईचं झाड तुमच्या परसात नसेल, तर शेजारच्या काकूंना विचारून पान घ्या. विचारून घ्या, बरं का! आणि चीक हाताला लागला तर हात स्वच्छ धुवा.

झालं गोळा? आता पपईचा देठ पाहा. तो आतून पोकळ असतो. साबणाच्या पाण्यात बुडवून त्यातून फुगे सोडण्याचा उद्योग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. आज फुगे नाहीत. आज त्याची दोन टोकं दोन हातांत धरा आणि हळूहळू वाकवा. सुरुवातीला तो शहाण्यासारखा वाकतो. सुंदर कमान होते. आणखी थोडं वाकवलं, आणखी थोडं... आणि कट्! देठ मधोमध मुडपतो. मुडपला तिथे बोट फिरवून पाहा. गोल असलेला देठ तिथे चपटा झालेला असतो. आता एका टोकातून फुंकर मारा. मघाशी सहज जाणारी हवा आता अडते.

कागदाच्या नळीचंही तेच होतं. बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचंही तेच. नळी मुडपली की पाणी बंद! (ती मुद्दाम मुडपून दादाला बुचकळ्यात टाकणारेही काही वाचक असतील. मला माहीत आहे.)

आता जरा घराबाहेर या आणि सायकलचं हँडल पाहा. तेही पोकळ नळीचंच आहे. चांगलं दोन-तीन ठिकाणी वळलेलं आहे. पण मुडपलेलं कुठेच नाही. दवाखान्यातल्या लोखंडी खाटेचं डोक्याकडचं वळण, फ्रिजच्या मागची नागमोडी नळी, मोटरसायकलचा सायलेन्सरला जाणारा पाइप, मैदानातल्या घसरगुंडीचा कठडा... सगळे पोकळ, सगळे वाकवलेले, तरीही गोलच्या गोल!

पपईचा कोवळा देठ मुडपतो, मग टणक लोखंड कसं मुडपत नाही? "लोखंड मजबूत असतं म्हणून," असं म्हणाल तर अर्धा मार्कसुद्धा देणार नाही. लोखंडाचा पाइप नुसता जोर लावून वाकवला, तर तोही अगदी पपईच्या देठासारखाच मुडपतो. मग हे जमतं कसं? तेच आज पाहू.

खोडरबर काय सांगतो?

खोडरबराच्या एका कडेवर पेनाने एकमेकींना समांतर अशा दहा-बारा उभ्या रेघा मारा. सगळ्या सारख्या अंतरावर. रेघा तुमच्याकडे ठेवून खोडरबर कमानीसारखा वाकवा. काय दिसतं? वरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब गेल्या, खालच्या बाजूला दाटीवाटीने जवळ आल्या. मधल्या पट्ट्यात मात्र त्या होत्या तेवढ्याच अंतरावर राहिल्या.

म्हणजे वळणाची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू दाबली जाते. बाहेरच्या बाजूला आपण वळणाची पाठ म्हणू आणि आतल्या बाजूला वळणाचं पोट.

शाळेतली कवायत आठवा. पाच जणांची आडवी ओळ कोपऱ्यावर वळते, तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पाय आपटत राहतो आणि बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब टांगा टाकत जवळजवळ धावतो. दोघांनी सारखीच पावलं टाकली, तर ओळ मोडते. पाइप वाकवताना पाठीवरच्या लोखंडाला असंच जास्त अंतर जायचं असतं, आणि पोटातल्या लोखंडाला कमी अंतरात मावायचं असतं.

खोडरबर आतून भरीव आहे म्हणून तो हे सहन करतो. पाइप पोकळ आहे. झाडाच्या बुंध्याला दोराचा वळसा घालून दोन्ही टोकं ओढली, की दोर बुंध्याला आवळतो, हो ना? पाइपची ताणलेली पाठही तशीच आतल्या बाजूला आवळते. पण इथे आत बुंधा नाही, पोकळी आहे! म्हणून पाठ खाली येते. तिकडे दाबलं गेलेलं पोट दाटीतून सुटायला पोकळीकडेच सरकतं. पाठ आणि पोट एकमेकांकडे येतात आणि गोल नळी लंबगोल होते. लंबगोल झाली की तिची ताकद कमी होते. ताकद कमी झाली की ती आणखी चपटी होते, आणि मग एका क्षणी कट्! पातळ नळी अशी का मुडपते याचं गणित ब्रेझियर या संशोधकाने १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. तुम्ही आज पपईच्या देठात पाहिलंत ते हेच.

हात सोडावा लागतो तो कोपरा

आता तुम्हांला आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगते.

शाळेचं जोतं दोन फूट उंच आहे. चौथीतली एक मुलगी कुबडी घेऊन चालते. (तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.) पायऱ्यांची अडचण नको म्हणून उतरता रस्ता, म्हणजे रॅम्प बांधला. रॅम्पचा नियम असा, की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. दोन फुटांना चोवीस फूट! एवढी सरळ जागा अंगणात नव्हती, म्हणून रॅम्प मधे काटकोनात वळवला. कडेने धरायला लोखंडी पाइपचा कठडाही लागला.

सगळ्यांना आनंद झाला. पण ती मुलगी वर येताना कोपऱ्यावर दर वेळी थबकायची. विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, कोपरा आला की हात सोडावा लागतो."

मी हात फिरवून पाहिला. कोपऱ्यावर दोन पाइप तिरके कापून एकमेकांना वेल्डिंगने जोडले होते. जोड पक्का होता, पण कोपरा टोकदार होता आणि वेल्डिंगच्या गाठी हाताला लागत होत्या. सरकत आलेला हात तिथे अडायचा. तो उचलून पलीकडे ठेवावा लागायचा. आणि वळताना तोल सांभाळायचा असतो, नेमकी तेव्हाच कठड्याची सगळ्यात जास्त गरज असते!

फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी कोपरा पाहिला, मुलीला एकदा चालायला सांगितलं, आणि म्हणाले, "हा तुकडा कापून टाकू. इथे जोड नको, वळण पाहिजे. पोरांना घेऊन या दुकानात, त्यांनाही बघू दे."

मग काय, आमचा चौथीचा वर्ग निघाला!

फरक मात्र तेवढाच

मिस्त्रीकाकांनी आधी पाइपचा एक टाकाऊ तुकडा घेतला. व्हाइसमध्ये घट्ट पकडला, त्यावर लांब नळी चढवली आणि जोर लावून वाकवला. पाइप वाकला आणि मुडपला. पोटात खोल घडी पडली. "जोर होता, आधार नव्हता," काका म्हणाले.

मग त्यांनी जमिनीवर खडूने वळण काढलं. आम्ही मोजमाप केलं. दुकानात 'सव्वा इंची' म्हणून मिळणारा हा पाइप बाहेरून मोजला तर साधारण ४२ मिलिमीटर भरतो. (सव्वा इंच हे त्याच्या आतल्या पोकळीच्या मापावरून पडलेलं नाव आहे.) वळणाची त्रिज्या पाइपच्या मधोमध धरून व्यासाच्या चौपट घेतली, म्हणजे १६८ मिलिमीटर. काटकोनातलं वळण म्हणजे वर्तुळाचा पाव भाग. पाचवी-सहावीच्या पुढच्यांनी वही काढा. परीघ म्हणजे दोन गुणिले बावीस सप्तमांश गुणिले त्रिज्या, आणि त्याचा पाव भाग घ्यायचा.

मधल्या रेषेची लांबी : २६४ मिलिमीटर.
पाठीची त्रिज्या १६८ अधिक २१, म्हणजे १८९. लांबी : २९७ मिलिमीटर.
पोटाची त्रिज्या १६८ वजा २१, म्हणजे १४७. लांबी : २३१ मिलिमीटर.

पाहिलंत? वाकवण्याआधी तिन्ही रेषा २६४ मिलिमीटरच्या होत्या. वाकवल्यावर पाठ ३३ मिलिमीटरने लांब व्हायला हवी, पोट ३३ मिलिमीटरने आखूड. आठातला एक भाग! चांगल्या नरम पोलादाला एवढं ताणणं सोसतं.

आता गंमत पाहा. वळण खूप मोठं घेऊ, त्रिज्या ४२० मिलिमीटर. मधली रेषा ६६० मिलिमीटर येते, आणि पाठ ६९३. फरक किती? पुन्हा ३३! वळण अगदी छोटं घेऊ, त्रिज्या ४२. मधली रेषा ६६, पाठ ९९. फरक पुन्हा ३३!

म्हणजे पाइप तोच आणि कोन तोच असेल, तर ओझं ठरलेलं आहे, तेहतीस मिलिमीटरचं. मोठ्या वळणात ते ६६० मिलिमीटर लांबीवर वाटलं जातं, म्हणजे वीस मिलिमीटरला फक्त एक. छोट्या वळणात ते सगळं ६६ मिलिमीटरच्या डोक्यावर पडतं, म्हणजे दर दोन मिलिमीटरला एक. एवढं कोण सोसणार? पाठ फाटते किंवा पोट मुडपतं. दहा जणांनी मिळून बाक उचलला तर सोपं आणि दोघांनी उचलला तर कमरेत चमक, तसंच हे.

आधार देण्याच्या नाना तऱ्हा

पाइप वाकवायच्या पद्धती पुष्कळ आहेत. पण नीट पाहिलं तर सगळ्यांचा हेतू एकच आहे. वाकताना नळीने आपला गोलपणा सोडू नये. त्यासाठी तिला कुठून ना कुठून आधार द्यायचा.

बाहेरून आधार. मिस्त्रीकाकांकडे हायड्रॉलिक जॅकचं यंत्र होतं. दोन बाजूंना दोन आधार, मधे अर्धचंद्रासारखी लोखंडी डाय. डायच्या कडेला अर्धगोल खाच असते आणि पाइप त्या खाचेत फिट्ट बसतो. दांडा वर-खाली केला की जॅक डायला पुढे ढकलतो आणि पाइप तिच्याभोवती वाकतो. चपटं व्हायचं म्हणजे पाइपला बाजूंना फुगावं लागतं, पण खाचेच्या दोन भिंती त्याला फुगूच देत नाहीत. म्हणून दर मापाच्या पाइपला वेगळी डाय लागते. सैल खाच म्हणजे आधार नाहीच. घरातले वायरिंगचे लोखंडी पाइप वाकवायला लांब दांड्याचं हाताचं हत्यार असतं, त्यालाही अशीच खाच असते.

आतून आधार. फ्रिज किंवा एसी दुरुस्त करणारे काका आले तर त्यांच्या पेटीत डोकावून पाहा. तिथे लांबलचक स्प्रिंगा दिसतील. काही स्प्रिंगा तांब्याच्या नळीवर चढवायच्या असतात, काही नळीच्या आत घालायच्या. स्प्रिंग नळीबरोबर वाकते, पण तिचे वेढे गोलच राहतात, म्हणून नळीही गोल राहते. आतली स्प्रिंग घट्ट बसली, तर नळी किंचित जास्त वाकवून थोडी मागे आणतात आणि स्प्रिंग पिळून बाहेर काढतात. कारखान्यात याच कामासाठी मॅन्ड्रेल वापरतात. ती पोलादाची दांडी पाइपच्या आत राहते. तिच्या टोकाला एकामागे एक गोळे सांधलेले असतात, माळेतल्या मण्यांसारखे. पाइप वळतो, मणीही वळतात, पण पोकळी भरलेली राहते.

वाळूचा आधार. ही जुनी पद्धत मिस्त्रीकाका त्यांच्या उस्तादांकडे शिकले. पाइपमध्ये बारीक, चाळलेली वाळू ठासून भरायची. भरताना पाइपला बाहेरून ठोकत राहायचं, म्हणजे वाळू खाली बसते. दोन्ही टोकांना लाकडी बुचं. मग वाकवायचा भाग भट्टीत लाल करायचा आणि साच्याभोवती वळवायचा. तापलं की पोलाद मऊ होतं आणि ताणणं सहज सोसतं. वाळू आतून म्हणते, "चपटा व्हायला जागाच नाही!"

पण काका इथे थांबले आणि बोट वर करून म्हणाले, "वाळू ओली असेल तर हा पाइप नाही, बॉम्ब आहे." पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपमध्ये ती जाणार कुठे? म्हणून वाळू आधी भाजून खडखडीत कोरडी करतात आणि एका बुचाला वाफ जायला बारीक भोक ठेवतात. दुसरी सूचनाही त्यांनी दिली. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय पाइप असा तापवायचा नाही. जस्ताचा धूर छातीत गेला की माणूस आजारी पडतो.

बर्फाचा आधार. हे ऐकून आमच्या वर्गाचे डोळे मोठे झाले. वरातीच्या बँडमधलं ट्रम्पेट पाहिलंय ना? त्याची पितळी नळी किती सफाईने वळलेली असते! आत एक जरी सुरकुती पडली तरी सूर बिघडण्याची भीती. ट्रम्पेटसारखी वाद्यं बनवणारे कारागीर नळी आधी तापवून मऊ करतात, मग तिच्यात राळेसारखा पदार्थ वितळवून ओततात. तो थिजला की नळी वाकवतात आणि पुन्हा गरम करून तो काढून टाकतात. काही कारखान्यांत साबणाचं पाणी भरून ते गोठवतात! नुसत्या पाण्याचा बर्फ कडकन फुटतो, साबणाच्या पाण्याचा बर्फ बारीक कणांचा असतो आणि नळीबरोबर वाकतो. काम झालं की वितळवून ओतून द्यायचा.

थोडं थोडं वाकवणं. रसवंतीवरचा चरक आठवा. आडव्या-उभ्या लाटांमधून ऊस जातो आणि पिळून निघतो. मोठी कमान करायला तशाच तीन लाटांचं यंत्र असतं. खाली दोन, वर एक, आणि तिन्हींना गोल खाचा. पाइप एकदा इकडून तिकडे जातो, वरची लाट जराशी खाली आणतात, पाइप परत येतो, लाट आणखी जराशी खाली. प्रत्येक फेरीत पाइप इतका कमी वाकतो की त्याला चपटं व्हायचं कारणच उरत नाही. शेतातल्या पॉलिहाउसच्या मोठमोठ्या कमानी अशाच होतात.

गुण्या, रेघ आणि दोन अंश जास्त

आमच्या कठड्याकडे परत येऊ. काकांनी पाइपवर बोट फिरवून एक बारीक रेघ दाखवली. पोलादाची पट्टी गोल वळवून कडा जोडल्या की असा पाइप होतो, आणि ती जोडाची रेघ राहते. (जोड नसलेला पाइप करण्याची रीत जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी १८८५ साली शोधली. ते तापलेल्या भरीव दांड्यालाच लाटांमध्ये फिरवून आतून पोकळ करत.) काकांनी ती रेघ पाठीवर येऊ दिली नाही, पोटावरही नाही. बाजूला ठेवली. का? तुमच्या खोडरबराच्या मधल्या रेघा आठवा. तिथे ताण नाही आणि दाबही नाही!

मग जॅक हलू लागला. पाइप वाकत गेला. काकांनी गुण्या लावला, कोन बरोबर काटकोन होता. मुलं ओरडली, "झालं!" काकांनी जॅक सैल केला आणि पाइप किंचित मागे सरकला. गुण्याशी फट पडली. लोखंडालाही आपली जुनी जागा थोडी आठवते! म्हणून ते पुन्हा जरासं जास्त वाकवतात, मागे येईल तेवढा हिशेब धरून. किती जास्त, ते पाइपच्या जाडीवर आणि पोलादावर ठरतं. काकांनी दोन वेळा तपासलं. तिसऱ्या वेळी गुण्या बरोबर बसला. मघाचे आपले २६४ मिलिमीटर त्यांनी पाइप कापतानाच हिशेबात धरले होते. नाहीतर कठडा आखूड पडला असता.

दुसऱ्या दिवशी नवं वळण बसलं. ती मुलगी खालून निघाली, एका हातात कुबडी, दुसरा हात कठड्यावर. कोपरा आला. हात सरकत सरकत वळला आणि ती वर पोहोचली. ती काहीच बोलली नाही. पुन्हा खाली गेली आणि पुन्हा वर आली.

सायकल, खुर्ची आणि सरबत

पाइप वाकवण्यातून मोठमोठ्या गोष्टीही घडल्या आहेत. १९२५ साली जर्मनीतल्या देसाऊ गावी, बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर नावाचा तेवीस वर्षांचा तरुण शिकवत होता. तो सायकल चालवायला शिकला आणि हँडल पाहून त्याला वाटलं, की पोलादाची नळी अशी वळवता येते, तर तिची खुर्ची का होऊ नये? पाइप आणले, जोडायला एका प्लंबरची मदत घेतली आणि खुर्ची केली. ती पुढे 'वासिली' खुर्ची म्हणून जगभर गाजली. आज शाळेत, दवाखान्यात, कचेरीत पाइपच्या खुर्च्या दिसतात, त्यांची ती एक पणजी म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्यासारख्याच एका मुलीची. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दुकानात जोसेफ फ्रीडमन यांची लहान मुलगी उंच टेबलाशी बसून मिल्कशेक पीत होती. कागदाची नळी सरळ होती आणि तिचं तोंड काही तिथवर पोहोचेना. वाकवली तर मुडपणार! फ्रीडमननी नळीत एक स्क्रू घातला, बाहेरून दात साफ करायचा दोरा स्क्रूच्या आट्यांवर गुंडाळून आवळला आणि स्क्रू काढून घेतला. नळीवर वळ्या उमटल्या आणि ती न मुडपता वाकू लागली. १९३७ साली त्यांना या नळीचं पेटंट मिळालं. वळ्यांमुळे पाठीला उलगडायला जागा मिळते आणि पोटाला मिटायला. धातूच्या लवचीक नळ्यांवरही अशाच वळ्या असतात.

निसर्गाला ही युक्ती आपल्या कितीतरी आधी ठाऊक होती. बांबू पोकळ असतो, पण वाऱ्यात लवतो आणि मुडपत नाही. तो उभा चिरला की थोड्या थोड्या अंतरावर आडवे पडदे दिसतात. तोच त्याचा आतला आधार. आणि आता स्वतःच्या गळ्यावर समोरून हलकेच बोट फिरवा. कडक वळ्या लागल्या? श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. म्हणून मान वाकवून तुम्ही हे वाचत असलात तरी श्वास अडत नाही!

पालकांसाठी दोन शब्द

गल्लीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानावरून आपण मुलांचा हात धरून भराभर पुढे जातो. ठिणग्या उडतात, ते बरोबरच आहे. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी कुणीच पाहू नये. पण वेल्डिंग बंद असताना, मिस्त्रींची परवानगी घेऊन दहा मिनिटं थांबायला काय हरकत आहे? त्रिज्या, परीघ, कोन, उष्णता आणि वाफ हे सगळं तिथे रोज वापरात असतं. आणि ते वापरणारा माणूस आपल्या मुलांच्या मनात 'शिकला नाहीस तर हेच करावं लागेल' या वाक्यातून शिरू नये, एवढी विनंती.

करून पाहा आणि कळवा

१. कागदाची नळी घ्या. एक टोक कणकेच्या गोळ्याने बंद करा. आत बारीक मीठ किंवा कोरडी वाळू ठोकून ठोकून भरा आणि दुसरंही टोक बंद करा. आता ती आणि एक रिकामी नळी शेजारी शेजारी वाकवा. कोणती आधी मुडपते? मीठ सैल भरलं तर काय होतं? (यात काहीही तापवायचं नाही!)

२. रबरी नळीच्या तुकड्यावर जाड दोरा किंवा तार जवळजवळ वेढ्यांनी घट्ट गुंडाळा. मग वाकवा. काय फरक पडला?

३. घरात आणि रस्त्यावर वाकवलेल्या पाइपच्या दहा वस्तू शोधा. कुठे पोटात सुरकुत्या दिसतात का, ते बोटाने तपासा. सायलेन्सरचा पाइप मात्र गाडी थंड असतानाच!

४. शाळेतला, दवाखान्यातला, बसस्थानकावरचा कठडा डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरून चाला. मोठं माणूस सोबत असू द्या. तुमचा हात कुठे अडला, ते लिहा.

५. आणि हे गणित. 'अर्धा इंची' पाइप बाहेरून साधारण २१ मिलिमीटर असतो. तो काटकोनात वाकवला तर त्याच्या पाठीवर किती मिलिमीटरचं ओझं पडेल? सव्वा इंची पाइप काटकोनात न वाकवता पूर्ण उलटा, इंग्रजी यू अक्षरासारखा वळवला तर किती? त्रिज्या दिलेली नाही म्हणून रडू नका. ती लागते का, हाच तर खरा प्रश्न आहे!

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर पपईचा देठ फेकू नका, फुगे सोडायचे राहिलेत.

तुमच्या बाई